नगरच्या किल्ल्यातले किताब आणि वेशीवरचा पहारा

नगर शहरातून पाथर्डीच्या रस्त्याने निघाले की तेरा-चौदा किलोमीटरवर शहाडोंगर लागतो. त्याच्या माथ्यावर अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत आहे. लांबूनच दिसते. सारा जिल्हा तिला 'चांदबीबीचा महाल' म्हणतो. सहलीला येणाऱ्या शाळेच्या मुलांनाही तेच नाव सांगितले जाते. पण वाचकहो, हा महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची ती कबर आहे. त्याने हयातीतच ती बांधून घेतली. तळघरात उतरले की कबर पाहायला मिळते.

आम्ही पेशाने कारकून. पदनाम, वेतनश्रेणी आणि सेवापुस्तक यांत आमचे आयुष्य गेले. त्यामुळे जुन्या वास्तू पाहताना इतरांचे लक्ष नक्षीकडे जाते, तर आमचे जाते नावाकडे. 'सलाबतखान' हे आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे, तो दरबारातून मिळालेला किताब आहे. निजामशाहीत सलाबतखान एकापेक्षा जास्त झाले. एक गेला की तोच किताब दुसऱ्याला मिळे, जसे आमच्याकडे एक हेडक्लार्क निवृत्त झाला की खुर्चीवर दुसरा येतो. वसाहतीतील काही कुटुंबांना घेऊन आम्ही नगर परिसराची सहल केली, तेव्हा हाच धागा धरून फिरायचे ठरवले. किताब कोणाला मिळत, राजाच्या दाराशी पहारा कोण देई, आणि त्या माणसांचे पुढे काय होई?

खुद्द राज्याचे नावच किताब

सुरुवात शहरापासूनच करू. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, बोलण्यात मात्र अजून सगळे 'नगर'च म्हणतात. हे शहर मलिक अहमद याने १४९४ साली वसवले. त्याचा बाप मलिक हसन हा बीदरच्या बहामनी दरबारातला मोठा मानकरी. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो, की तो मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळातला, लढाईत पकडला गेलेला आणि सुलतानाच्या घरी गुलाम म्हणून वाढलेला. हुशारीच्या बळावर तो वर चढला आणि 'निजाम-उल-मुल्क' हा किताब त्याला मिळाला. अर्थ काय, तर राज्याची व्यवस्था लावणारा. १४८६ साली बीदरला त्याचा खून झाला. मुलाने जुन्नरला बसून बहामनींशी लढा दिला, १४९० साली तो स्वतंत्र झाला आणि बापाच्या किताबावरून राजघराण्याला 'निजामशाही' हे नाव पडले. म्हणजे आपल्या जिल्ह्यात दीडशे वर्षे नांदलेल्या राज्याचे नाव हे मुळात एका गुलामाला मिळालेले पदनाम आहे.

शहराच्या मध्यापासून थोड्याच अंतरावर भुईकोट किल्ला आहे. आकाराने जवळजवळ गोल, भोवती रुंद खंदक. दगडी तटबंदी हुसेन निजामशहाच्या काळात, १५५९ नंतरच्या तीन-चार वर्षांत उभी राहिली. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने जाण्यापूर्वी चौकशी करावी आणि ओळखपत्र बरोबर ठेवावे. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू व इतर नेते ज्या खोल्यांत कैदेत होते, त्या पाहायला बहुतेक लोक जातात. आम्हीही गेलो. पण आमचे मन रेंगाळले ते पुलाजवळच्या दरवाजाशी. राजा आत, जग बाहेर आणि मधे पहारेकरी. राज्य कोणतेही असो, ही जागा सर्वांत नाजूक.

दूरदेशीची हकीकत

येथे वाचकांना जरा लांब न्यावे लागेल. आज ज्या शहराला इस्तंबूल म्हणतात, त्याचे जुने नाव कॉन्स्टँटिनोपल. पूर्वेकडील रोमन साम्राज्याची ही राजधानी हजार वर्षांहून जास्त टिकली आणि १४५३ साली तुर्कांनी ती घेतली. अभ्यासक या साम्राज्याला बायझंटाइन म्हणतात. तेथील लोक मात्र स्वतःला रोमनच म्हणवीत. त्यामुळे अरबी-फारसी बोलणारे त्या मुलखाला 'रूम' म्हणू लागले आणि तिकडून येणारा तो 'रूमी' झाला. तुर्कांचे राज्य आल्यावरही नाव तेच राहिले.

हा रूमी आपल्या नगरलाही पोचला होता. बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी मुहम्मद रूमी नावाचा तोफ ओतणारा कारागीर होता, किताब रूमीखान. त्याने १५४९ साली याच नगरमध्ये 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ ओतली. वजन सुमारे ५५ टन. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे आणि लोक तिला विजापूरचीच समजतात. जन्म नगरचा, नाव दुसऱ्याचे!

त्या रूमच्या दरबारात किताबांचे शास्त्रच बनले होते. ८९९ साली फिलोथिओस नावाच्या अधिकाऱ्याने मोठी यादी तयार केली. बादशहाच्या मेजवानीत कोणत्या किताबाचा माणूस कोणाच्या वर बसेल आणि कोणाच्या खाली, एवढाच तिचा विषय. पंगतीत कोण कुठे बसणार हा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही. तेथे तो साम्राज्याच्या दप्तरात लिहून ठेवला होता, इतकेच. 'स्पाथारिओस' म्हणजे तलवार धरणारा. आरंभी ही राजाजवळ उभे राहण्याची खरी नोकरी होती. पुढे हाती तलवार न धरणाऱ्यांनाही हा किताब मिळू लागला. आपल्याकडच्या 'सिलेदार' शब्दाचेही असेच. शस्त्र बाळगणारा हा त्याचा मूळ अर्थ, आज ते आडनाव आहे. चिटणीस, सरनोबत, हवालदार, नाईकवाडी ही सगळी आडनावे कोणा एके काळची पदनामेच.

किताबाबरोबर सालीना पगार असे. लिउतप्रांद नावाचा इटालियन वकील ९५० साली तेथे होता. त्याने लिहिले आहे, की ईस्टरच्या सणाआधी बादशहा स्वतः मेजाशी बसून किताबाच्या क्रमाने सोन्याच्या थैल्या वाटत असे. पहिल्या मानकऱ्याने त्या खांद्यावर उचलल्या आणि पुढच्यांना तर ओढत न्याव्या लागल्या. पगारपत्रकावर सह्या घेण्याचे काम आम्ही वर्षानुवर्षे केले आहे. पण साहेबांनी थैली ओढत नेल्याचे दृश्य आमच्या नशिबी आले नाही!

परका माणूस पहाऱ्याला का?

आता पहारेकऱ्यांकडे वळू. ९८८ च्या सुमारास दुसरा बेसिल या बादशहाच्या विरुद्ध त्याचेच सरदार उठले. त्याने कीव्हच्या व्लादिमीर राजाकडे मदत मागितली आणि सुमारे सहा हजार उत्तरेकडचे लढवय्ये आले. त्यांतून 'व्हरेंजियन' नावाची खासगी पलटण उभी राहिली. हे लोक थंड मुलखातले. खांद्यावर मोठी कुऱ्हाड, भाषा वेगळी, शहरात ना सोयरा ना धायरा. हाच त्यांचा गुण मानला गेला. गावात ज्याचे कोणी नाही, तो कोणाच्या कटात सामील होणार? तो फक्त ज्याचे मीठ खातो त्याचा. हागिया सोफिया या भव्य वास्तूच्या कठड्यावर यांच्यापैकी एकाने आपल्या लिपीत नाव कोरले आहे. त्यातले 'हाल्फदान' एवढेच वाचता येते. पहाऱ्यावर कंटाळलेला शिपाई सगळीकडे सारखाच.

नॉर्वेच्या राजाचा भाऊ हॅराल्ड याच पलटणीत होता. त्याला मिळालेले किताब बरेच खालच्या दर्जाचे होते. पण त्याने कुरकूर केली नाही, असे त्या काळच्या एका ग्रीक लेखकाने कौतुकाने नोंदवले आहे. पुढे तो स्वतः नॉर्वेचा राजा झाला आणि १०६६ साली इंग्लंडमधल्या लढाईत पडला.

मात्र जवळचा माणूस नेहमी राखणच करतो असे नाही. 'पाराकिमोमेनोस' हा त्या दरबारातला फार मोठा किताब. शब्दशः अर्थ, शेजारी झोपणारा. राजाच्या शयनगृहाची राखण त्याच्याकडे. हे पद बहुधा खोजांना देत, कारण ज्याला वंश वाढवायचा नाही तो सिंहासनावर डोळा ठेवणार नाही अशी समजूत होती. तिसऱ्या मायकेलने मात्र हा किताब आपला लाडका बेसिल याला दिला. तो मूळचा घोड्यांची निगा राखणारा. ८६७ साली याच बेसिलने साथीदारांसह मायकेलला शयनगृहात ठार केले आणि स्वतः बादशहा झाला.

फराहबागेतला सुलतान

परत नगरला येऊ. शहराच्या आग्नेयेला फराहबाग आहे. मोठ्या चौकोनी तलावाच्या मध्यभागी अष्टकोनी महाल. सलाबतखानाच्या कारकिर्दीत १५८३ च्या सुमारास तो पुरा झाला. राज्य मुर्तजा निजामशहाचे. हा सुलतान अनेक वर्षे लोकांसमोर येत नसे. राज्यकारभार वजीर पाही आणि सुलतान बागेच्या एकांतात राही. संशय हा त्याचा स्थायीभाव. त्याचा कर्तबगार पेशवा चंगीझखान (हाही किताबच, मूळ नाव मिरक दबीर) याला संशयावरून विष मिळाले. पुढे सलाबतखानाला कैद करण्याचा हुकूम निघाला. त्याने विरोध केला नाही, आपण होऊन कैदेत गेला, असे फिरिश्ता लिहितो.

आणि हा फिरिश्ता कोण? तो इराणी कुळातला. बाप नगरला आला तो शाहजादा मीरान हुसेन याला फारसी शिकवण्यासाठी. मुलगा शाहजाद्याच्या ओळखीत वाढला आणि मुर्तजाच्या पदरी पहारेकऱ्यांचा नायक झाला. १५८८ साली मीरान हुसेनने बापाविरुद्ध बंड केले, मुर्तजाला हमामात कोंडून मारले. जुन्या ओळखीमुळे फिरिश्ताचा जीव वाचला. वर्षभराच्या आत मीरान हुसेनही मारला गेला आणि नगरमध्ये 'दख्खनी' विरुद्ध 'परदेशी' असा वाद पेटून परदेशी लोकांची कत्तल झाली. फिरिश्ता विजापूरला गेला आणि तेथे त्याने हिंदुस्थानच्या मुसलमानी राजवटींचा मोठा इतिहास लिहिला. आज निजामशाहीविषयी जे सांगितले जाते, त्यातले पुष्कळसे या पहारेकऱ्याच्या लेखणीतून आले आहे. राजा राखता आला नाही, पण हकीकत राखली.

विकला गेलेला मुलगा

नगरच्या मातीतली खरी मोठी गोष्ट मात्र हबशी लोकांची आहे. आफ्रिकेतल्या इथिओपिया मुलखातून पोरे पकडली जात, बाजारात विकली जात आणि अरबस्तानमार्गे दख्खनेत येत. दख्खनच्या सुलतानांना ती हवी असत. कारण तेच, जे कॉन्स्टँटिनोपलला होते. या मुलाला भाऊबंद नाहीत, वतन नाही, परतीची वाट नाही. मालक हेच गोत.

असाच एक मुलगा १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला. आईबापांनी ठेवलेले नाव चापू. हातोहात विकला जात तो नगरला पेशवा चंगीझखानाकडे आला. नव्या मालकांनी त्याला नाव दिले अंबर. चंगीझखान गेल्यावर तो गुलामीतून सुटला. काही काळ इतर राज्यांत चाकरी करून तो नगरला परतला आणि १५९५ च्या सुमारास अभंगखान हबशी या सरदाराच्या हाताखाली दीडशे स्वारांचा नायक झाला. त्याच वेळी मोगलांनी नगरला वेढा घातला, तेव्हा चांदबीबीने किल्ला लढवला. १६०० साली ती शत्रूच्या नव्हे, तर आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली आणि किल्ला पडला.

राज्य संपले असे सगळ्यांना वाटले, पण अंबरला वाटले नाही. त्याने परांड्याला निजामशाही घराण्यातील एकाला गादीवर बसवले, स्वतः पेशवा झाला आणि पंचवीस वर्षे मोगलांना दख्खनेत सुखाने बसू दिले नाही. १६१० च्या सुमारास खडकी येथे राजधानी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याची जमीनमोजणी आणि साऱ्याची पद्धत पुढे मराठी मुलखात नावाजली. जहांगीर बादशहाला तो इतका सलत होता, की त्याने अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत असे चित्र काढवून घेतले. प्रत्यक्षात ते मुंडके त्याला कधीच मिळाले नाही.

नगर तालुक्यातच भातोडी गाव आहे. इतिहासात भातवडी म्हणतात ते हेच. १६२४ साली येथे मलिक अंबरने मोगल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. तलावाचे पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात रुतवली, असे सांगतात. शहाजीराजे या लढाईत होते. त्यांचे बंधू शरीफजी येथेच पडले आणि त्यांची समाधी गावात आहे. सहलीच्या यादीत या गावाचे नाव सहसा नसते. वाचकांनी मुद्दाम जावे आणि मुलांना सांगावे, की बाजारात विकला गेलेला माणूस येथे दोन सत्तांना भारी पडला.

१६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. पण कथा येथे गोड होत नाही. त्याचा मुलगा फतेहखान याने आपल्याच सुलतानाला ठार केले आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले. संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरी किल्ल्यावर शहाजीराजांनी एका लहान मुलाला गादीवर बसवून राज्य टिकवण्याचा शेवटचा प्रयत्न केला. १६३६ साली तोही संपला.

आमच्या आजीची गोष्ट

किल्ल्याच्या खंदकाशी भाकरी सोडून बसलो असता, आमच्यातल्या एका वृद्ध आजींनी विचारले, "बादशाच्या पहाऱ्याचं एवढं सांगतोस बाबा, मग आपल्या अमृतनाकाचं का नाही सांगत?" खरेच होते. ती कथा आपल्या घराघरांत सांगितली गेली आहे. बीदरच्या बादशहाची राणी शत्रूच्या तावडीत सापडली. तिला आणायला अमृतनाक निघाला. जाताना त्याने बादशहाच्या हाती एक बंद डबी ठेवली आणि मी आल्यावर उघडा म्हणाला. राणीला घेऊन परतल्यावर बादशहाच्या मनात संशय आला. अमृतनाक म्हणाला, आता डबी उघडा. त्याने निघण्यापूर्वीच आपले पुरुषत्व कापून त्यात ठेवले होते. बादशहा ओशाळला, काय हवे ते माग म्हणाला. अमृतनाकाने स्वतःसाठी काही मागितले नाही. समाजासाठी बावन्न हक्क मागितले.

ही दंतकथा आहे, इतिहासाचा कागद नव्हे. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात या बावन्न हक्कांचा उल्लेख करून मत दिले आहे, की हे हक्क फार जुने असावेत आणि बीदरच्या राजांनी ते फक्त कायम केले असावेत. पण दंतकथेतही समाजाची समजूत असते. निजाम-उल-मुल्क ज्या बीदरच्या दरबारात चढला, तोच हा दरबार. रूमच्या शयनगृहापाशी खोजाच का ठेवीत, या प्रश्नाचे उत्तर आमच्या आजीच्या गोष्टीत आहे. राजाचा विश्वास मिळवायचा तर माणसाने आधी स्वतःचे काहीतरी कापून द्यावे लागते.

वेशीवरचा पहारा, शिवेची माहिती, साऱ्याची रक्कम कचेरीत पोचवणे, मयताची खबर गावोगाव नेणे ही सगळी कामे आमच्या वाडवडिलांनी केली. किल्ल्याच्या पहारेकऱ्याला किताब आणि थैली मिळाली, गावच्या पहारेकऱ्याला मिळाले शिळे तुकडे आणि बलुत्याचे चार दाणे. ज्याच्या भरवशावर गाव झोपे, त्याला गावकुसाच्या आत झोपता येत नव्हते. आणि या सगळ्याला 'हक्क' म्हणत! कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' हे मानाचे उपपद लागलेली बावीस नावे आहेत. ती रणात चालली, पाणवठ्यावर चालली नाहीत.

बावन्न हक्कांचा अभिमान सांगणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९२७ पासूनच बजावले, की वतन हा मान नसून गळफास आहे. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणेचे विधेयक मांडले. ते त्या वेळी तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा. १ ऑगस्ट १९५९ पासून तो लागू झाला. तोवर बाबासाहेब राहिले नव्हते.

परतीच्या गाडीत आमच्या पिशवीत संविधानाची छोटी प्रत होती. ती काढून मुलांना तीन अनुच्छेद ओळीने वाचायला दिले. सोळावा सांगतो, की सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी, जन्म आणि कूळ पाहायचे नाही. सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली. अठराव्याने राज्याने किताब देणेच बंद केले, अपवाद फक्त सैनिकी आणि विद्याविषयक मानाचा. म्हणजे पहारेकरी कुळावरून ठरणार नाही, त्याला गावाबाहेर ठेवता येणार नाही आणि त्याच्यापुढे कोणी खान-बहादूर होऊन बसणार नाही. सोळा, सतरा, अठरा. मुलांनी आकडे पाठ करून टाकले.

नगरला जाल तेव्हा शहाडोंगर, किल्ला आणि फराहबाग एका दिवसात होते. भातोडीसाठी वेगळी सकाळ ठेवा. पाणी आणि भाकरी बरोबर घ्या. डोंगरावर गेल्यावर मुलांना आधी सांगा, की हा महाल चांदबीबीचा नाही. मग विचारा, गावाकडच्या आपल्या घरासमोर पहारा कोणाचा होता? उत्तर आले नाही, तर घरातल्या आजीला विचारायला सांगा. तिला ठाऊक असते.